अक्काच्या वतीनं

अक्का सासरहून परत आली तेव्हा तिच्याबरोबर एक ट्रंक होती आणि दोन माणसं होती. ट्रंक सोप्यात ठेवून माणसं निघून गेली, चहाला थांबली नाहीत. जाताना एवढंच म्हणाली की तुमची मुलगी रात्रंदिवस कुणाशी तरी बोलते, आम्हाला झेपत नाही, तुमची तुम्ही सांभाळा. लग्नाला दीड वर्षही झालं नव्हतं. मी तेव्हा दहावीत होते.

आमचं गाव पलूसपासून दोन कोसांवर. वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. ते गलाईच्या दुकानात कामाला होते, लांब दक्षिणेत. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम. आमच्याकडं गलाईवाला म्हटलं की लोकांना बंगला आणि गाडी दिसते. ती मालकांची. आबा भट्टीपुढं बसणारे. वर्षातून एकदा जत्रेला यायचे, चार दिवस खोकायचे आणि परत जायचे. घर आईवर. ती दुसऱ्यांच्या द्राक्षबागेत जायची, छाटणीपासून तोडणीपर्यंत मिळेल ते काम करायची.

अक्काला भाकरीत काहीतरी घातलंय असं वाटायचं. ती जेवायची नाही, न सांगता उठून कालव्याच्या रस्त्यानं चालू लागायची. दोनदा तिला दुसऱ्या गावच्या लोकांनी आणून सोडली. अंगारे-धुपारे झाले, उतारे झाले. शेवटी आई कामावर जाताना तिला मधल्या घरात ठेवून बाहेरून कुलूप लावू लागली. किल्ली माझ्या गळ्यात. मधल्या सुट्टीत मी शाळेतून पळत यायची, कुलूप काढायची, तिच्यापुढं ताट ठेवायची, ती जेवो न जेवो परत कुलूप लावून शाळेत जायची. वर्गातल्या मुली विचारायच्या, तुझी अक्का आज काय म्हणाली. मी सांगायची, काही नाही. खरं म्हणजे ती रोज म्हणायची, दार लावू नको. आणि मी रोज लावायची.

हे सगळं सांगताना मी बिचारी वाटत असेन तर ते बरोबर नाही. अक्काबद्दल माझ्या मनात दया होती तेवढाच राग होता, आणि रागाच्या खाली हेवा होता. तो आजाराच्या आधीपासूनचा. ती सातवीतून शाळा सोडून आईबरोबर कामाला जाऊ लागली, पण गावात नाव तिचंच. बेदाण्याच्या शेडवर बायका बसतात, वाळलेला बेदाणा पुढ्यात घेऊन काड्या काढतात, काळा दाणा बाजूला, पिवळा बाजूला, हिरवा बाजूला. अक्काचा हात तिथं असा चालायचा की दोन बायांचं काम ती एकटी उरकायची आणि वर गाणीही म्हणायची. हंगाम आला की शेडचा मालक आमच्या दारात. थोरलीला पाठवा, म्हणायचा. धाकटीला कुणी बोलावलं नाही. मी एकदा गेले होते. मालकानं दुपारीच सांगितलं, बाळ, तू अभ्यास कर.

म्हणून मी अभ्यास केला. लोक समजतात मला शिक्षणाची ओढ होती. असेलही. पण हात चालत नाही म्हटल्यावर डोकं चालवणं भागच होतं.

दहावीचा निकाल लागला, पहिला वर्ग मिळाला. गुणपत्रिका घेऊन घरी आले तर दाराला कुलूप. आई अक्काला घेऊन सांगलीला गेली होती, सरकारी दवाखान्यात, पहिल्यांदाच. कुणीतरी सांगितलं होतं की तिथं या आजाराचे डॉक्टर बसतात. संध्याकाळी दोघी आल्या. अक्का औषधानं पेंगत होती. आईनं माझ्या हातातला कागद बघितला, बरं झालं म्हणाली आणि म्हणाली, जा आधी तिच्यासाठी पेज कर. मी पेज केली. तिच्यात मीठ घालायला विसरले, की घातलं नाही, ते आता सांगता येत नाही.

पुढं साताऱ्याला कॉलेजला गेले. कमवा आणि शिका योजनेत होते. सकाळी वसतिगृहाच्या बागेत काम, दुपारनंतर वर्ग. पहिले सहा महिने मी इतकी सुखात होते की मला त्याची लाज वाटायची. तिथं कुणालाच माहीत नव्हतं की मला बहीण आहे. विषय मानसशास्त्र घेतला. सगळे म्हणतात, अक्कासाठी घेतला असेल. नाही. त्या विषयाचे तास दुपारी होते आणि माझी सकाळ कामाची होती. एवढंच कारण. नंतर विषय आवडला ही गोष्ट वेगळी.

आमच्या भावकीत बी.ए. झालेली मी पहिली, बाईमाणसात काय आणि बाप्यात काय. भाड्याचा काळा झगा आणि टोपी घालून फोटो काढला. आईनं तो सोप्यात लावला, आल्यागेल्याला दाखवू लागली. अक्का तोवर बरीच सावरली होती. कुलपाची गरज उरली नव्हती, महिन्याला एक इंजेक्शन आणि गोळ्या चालू होत्या. तिनं फोटो बराच वेळ बघितला आणि म्हणाली, “टोपी मोठी झालीया.” आई हसली. त्या हसण्यानं माझी पाच वर्षं पाण्यात गेल्यासारखी वाटली मला.

आमच्यात एक रीत आहे. घरात एक जण शिकला की बाकीच्यांनी बोलायचं बंद करायचं. तलाठ्याकडं तो बोलणार, बँकेत तो बोलणार, सोयरीक जमवताना तो बोलणार. म्हातारी माणसं स्वतःचं नावसुद्धा त्यालाच सांगायला लावतात. डिग्री आणली तसं मी सगळ्यांच्या वतीनं बोलू लागले. दवाखान्यातसुद्धा. अक्काला घेऊन सांगलीला जायचं, रांगेत बसायचं, नंबर आला की डॉक्टर अक्काकडं बघून विचारणार, कसं काय आहे. अक्का तोंड उघडेपर्यंत मी सांगून मोकळी. झोप लागते, जेवते, शांत आहे. डॉक्टरही खूश, बाहेर शंभर माणसं उभी. इंजेक्शन, कागदावर सही, पुढचा. आई अभिमानानं म्हणायची, “धाकटी हाय म्हनून बरं. डाक्तरशी कसं तोंडावर बोलती.”

नव्वदच्या दशकाच्या मध्यात कधीतरी मला नोकरी लागली. सांगलीत मानसिक आजारांवर एक संशोधन सुरू झालं होतं. उपचारानंतर माणूस बरा झाला असं कधी म्हणायचं आणि ते कुणी ठरवायचं, असा तो विषय. डॉक्टरनं, घरच्यांनी, की ज्यानं भोगलं त्यानं? चालवणाऱ्या बाईंना आम्ही मॅडम म्हणायचो. सांगलीच्याच, बाहेर शिकून परत आलेल्या, सुती साडी आणि पायात पुरुषी चप्पल. माझं काम होतं छापील प्रश्नावली घेऊन घरोघरी जायचं आणि मुलाखती भरून आणायच्या. खांद्याला पिशवी, गळ्यात ओळखपत्र, एसटीचा पास. लोक म्हणायचे सर्वेवाल्या बाई आल्या. मला ते ऐकायला फार आवडायचं. ही गोष्ट माझी होती. हिच्यात अक्का कुठंच नव्हती.

मॅडमचा पहिला नियम होता, मुलाखत पेशंटची, नातेवाइकांची नाही. नातेवाइकांना बाहेर बसवायचं. मी ते फार कडक पाळायचे. कितीतरी आया आणि नवरे उंबऱ्याबाहेर काढले. मिरजेतल्या एका म्हाताऱ्या सासूला मी सांगितलं, आजी, तुम्ही मध्ये बोललात तर मी निघून जाईन. दिवसभर मी जगाला सांगत फिरायची की त्यांना बोलू द्या, त्यांचं त्यांना सांगू द्या.

आणि एक दिवस यादीत अक्काचं नाव आलं. सरकारी दवाखान्याच्या जुन्या केसपेपरांवरून यादी काढलेली, ती येणारच होती. नियम असा की नात्यातलं माणूस असेल तर दुसऱ्यानं मुलाखत घ्यायची. मी कुणाला काही बोलले नाही. एसटी स्टँडवर पलूसच्या गाडीची वाट बघत बाकावर बसले आणि पंधरा मिनिटांत अक्काचा सगळा फॉर्म भरून टाकला. औषधांचा त्रास होतो का? नाही. कशाची उणीव भासते का? नाही. पुढं काय करण्याची इच्छा आहे? सध्या आहे त्यात समाधानी आहे. देवाशपथ सांगते, ही लबाडी आहे असं मला तेव्हा वाटलंच नाही. तिला विचारलं असतं तरी तिनं हेच सांगितलं असतं. नाहीतरी इतकी वर्षं तिची उत्तरं मीच देत होते.

महिन्याभरानं मॅडमनी सगळे फॉर्म घेऊन आम्हाला बसवलं. त्या नाराज होत्या. सगळी उत्तरं सारखीच. म्हणाल्या, दोष लोकांचा नाही, प्रश्नांचा आहे, हे प्रश्न आपण डिग्रीवाल्यांनी बसून काढलेत. आता ज्यांनी आजार काढला त्यांनाच बोलावू आणि प्रश्न त्यांच्याकडून दुरुस्त करून घेऊ. मग कुणाला बोलवायचं म्हणून त्या एकेक फॉर्म चाळू लागल्या. एका फॉर्मपाशी थांबल्या. म्हणाल्या, “ही बाई बघा. एकही रकाना रिकामा नाही, काय सुटसुटीत उत्तरं आहेत. हिला बोलवा.”

तो अक्काचा फॉर्म होता. म्हणजे माझा. माझ्या हुशारीवर अक्काची निवड झाली होती आणि मला तोंड उघडता येत नव्हतं. केसपेपरावर आईनं लावलेलं माहेरचं आडनाव बघून एक सहकारी म्हणाला, तुमच्यातल्या का? मला सांगावं लागलं की थोरली बहीण आहे. मॅडमना एवढा आनंद झाला की मुलाखत कुणी घेतली हे विचारायचं त्या विसरल्या.

शनिवारी बैठक होती. आठ-नऊ जण आले होते. एक जैन काका होते, पूर्वी कापडाचं दुकान चालवायचे. एक रिक्षावाला, दोन गृहिणी, एक शिक्षिका. मॅडमनी त्यांना खुर्च्या दिल्या आणि आम्हाला खाली सतरंजीवर बसवलं, वही-पेन देऊन. म्हणाल्या, आज ज्यांनी गोळ्या खाल्ल्यात ते बोलतील, बाकीचे लिहितील. अक्का आईचं हिरवं पातळ नेसून खुर्चीच्या टोकावर बसली होती. येताना एसटीत मी तिला बजावलं होतं की विचारतील तेवढंच बोल.

मॅडमनी पहिला प्रश्न वाचला. उपचारानंतर आपले आयुष्य पूर्वीसारखे झाले आहे असे वाटते का? कापडवाले काका मान हलवत म्हणाले, हो हो, झालंय. शिक्षिका म्हणाली, बऱ्यापैकी. मग अक्का बोलली.

“पयल्यासारखं कशाला पायजे? पयल्यासारखी ऱ्हायले तर परत तिथंच जाईन की.”

रिक्षावाला एवढ्या मोठ्यानं हसला की सगळेच हसले, काकासुद्धा. मॅडम हसता हसता खुर्ची ओढून तिच्यासमोर आल्या आणि म्हणाल्या, मग काय विचारायला पाहिजे? अक्का म्हणाली, आता तुमाला काय करायचं हाय, असं इचारा. बरं, तुम्हाला काय करायचंय, मॅडमनी विचारलं. अक्कानं दोन्ही हात पुढं केले. बोटं थरथरत होती. मी ती रोज बघत होते, चहाची बशी वाजते म्हणून चिडत होते, पण अशी सगळ्यांच्या मध्ये धरलेली बघितली नव्हती.

“बेदाना निवडायचाय मला. ह्या हातात दाना ऱ्हात न्हाई. इंजेक्शन घेतल्यापासनं हाय हे.”

मॅडमनी विचारलं, हे तुम्ही डॉक्टरांना कधी सांगितलं नाही? अक्का म्हणाली, “सांगनारी हाय की आमच्यात.” आणि तिनं हनुवटीनं सतरंजीवर बसलेल्या माझ्याकडं दाखवलं. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी मान खाली घालून तिचं वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं, कारण ते माझं काम होतं.

मॅडम म्हणाल्या, पुढच्या बैठकीला औषध देणारे डॉक्टरच बोलावू. ज्याला जे सांगायचंय ते त्यांच्यासमोर सांगा. तारखेचं कार्ड प्रत्येकाला पोस्टानं येईल.

त्यानंतरचे दिवस मला आठवायला नको वाटतात. ऑफिसात अक्काशिवाय बोलणं नाही. तिचं ते परत तिथंच जाण्याचं वाक्य मॅडमनी फळ्यावर निळ्या खडूनं लिहून ठेवलं आणि झाडूवालीला पुसू नको म्हणून सांगितलं. काही अडलं की म्हणायच्या, अक्का असत्या तर काय म्हणाल्या असत्या? माझा तीस पानांचा अहवाल मात्र लाल शाईनं भरून परत आला. मी बागेत खुरपणी करून शिकले होते. पुस्तकं मागून आणून, हातानं उतरवून घेऊन शिकले होते. आणि अक्कानं काय केलं होतं? आजारी पडली होती. आजारी पडण्यासाठी कुणाला खुर्ची मिळते हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं.

गावचा पोस्टमन सायकलवरून पलूसहून टपाल आणायचा. मी सकाळच्या गाडीला थांब्यावर उभी असायची, तेव्हा घरचं काही असेल तर माझ्या हातात द्यायचा. पुढच्या आठवड्यात त्यानं अक्काच्या नावाचं कार्ड दिलं. शनिवारी अकरा वाजता, डॉक्टर येणार, जरूर यावे. मी ते माझ्या डायरीत ठेवलं. द्यायचं नाही असं काही ठरवलं नव्हतं. संध्याकाळी देऊ म्हटलं. संध्याकाळी आई काहीतरी बोलत बसली, राहिलं. दुसऱ्या दिवशी मला उशीर झाला. असं करत शुक्रवार आला. मला नीट माहीत होतं की बेदाण्याचा हंगाम तोंडावर आलाय आणि ही बैठक हुकली तर पुढची दोन महिन्यांनी. शेड तोवर रिकामं होणार.

शुक्रवारी संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी मी घरी आले तर अक्का सोप्यात सूप घेऊन बसली होती. सुपात शेंगदाणे. ती एकेक दाणा चिमटीत उचलायची आणि वाटीत टाकायची. तीनांतला एक वाटीबाहेर पडायचा. पडला की परत उचलायची. तिनं वर बघितलं नाही.

“पोस्टमन म्हनत हुता सांगलीचं कार्ड आलंय मला. नळावर भेटलावता. बुधवारीच.”

आमच्याकडं पोस्टकार्ड ज्याचं त्याला मिळायच्या आधी अर्ध्या गावानं वाचलेलं असतं. मला कसं सुचलं नाही कोण जाणे. मी म्हटलं, विसरले.

“तू न्हाईस इसरत. तू पाडं बी कवा इसरली न्हाईस.” तिनं एक दाणा उचलला, तो पडला. “तीन दिस बगतीया, कवा सांगतीयास.”

मग माझं तोंड सुटलं. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. आई तुझी, गाव तुझं, शेड तुझं, दवाखान्यातसुद्धा सगळे तुझ्याकडंच बघणार. एक नोकरी माझी होती, तिथं कशाला आलीस? एवढं तरी मला राहू दे. असं बरंच. अक्का ऐकत होती. माझं संपल्यावर म्हणाली,

“तुला पायजे व्हय माजं? घे की. इंजेक्शनापासनं घे.”

चुलीपुढून आईनं विचारलं, काय झालं गं? अक्का म्हणाली, “काय न्हाई. कार्ड वाचाय लावलंय.” आणि मग आवाज खाली आणून मला म्हणाली, “त्या कागदावर बी तूच लिवलंस न्हवं? बैठक उठल्यावर मॅडम मला म्हनल्या, तुमी तर लिवलं व्हतं काईच तरास न्हाई. मी कवा म्हनले तसं?”

म्हणजे तिला पहिल्या बैठकीपासून माहीत होतं. मी विचारलं, मग मॅडमना सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, “तुजी नोकरी ग्येली आसती.”

यावर मला तिच्याबद्दल माया वाटायला पाहिजे होती. मला वाटलं, इथंही हीच मोठी. खोटं मी केलं आणि झाकलं हिनं. मी डायरीतलं कार्ड काढून सुपात ठेवलं आणि आत गेले.

शनिवारी मी पहिल्या गाडीनं गेले आणि मॅडम येताच त्यांना फॉर्मचं सांगितलं. कार्डाचंही सांगितलं. नोकरी जाणार हे धरूनच चालले होते. मॅडमनी पेनाला टोपण लावलं. मग विचारलं, का केलंत? मी म्हटलं, हेवा वाटला. त्या म्हणाल्या, “महिनाभर तुम्ही मुलाखती घ्यायच्या नाहीत. ऑफिसात बसायचं, जुने फॉर्म रद्द करायचे, आपल्या बहिणीच्यापासून सुरुवात. आणि हे आत्ता मला सांगितलंत ते लिहून द्या. नातेवाइकांना पेशंटचा हेवा वाटतो, हा मुद्दा आपल्या यादीत नाही.” त्या थट्टा करत नव्हत्या. मला ती शिक्षा वाटली आणि अपमानही.

त्या बैठकीत मला बसू दिलं नाही. मी शेजारच्या खोलीत कपाटापाशी होते, मधलं दार उघडं होतं. अक्का एकटी आली, आयुष्यात पहिल्यांदा एकटी एसटीनं. डॉक्टर तेच, इतकी वर्षं मी ज्यांना झोप लागते, जेवते, शांत आहे असं सांगत आले. अक्कानं त्यांना हात दाखवले, मान आखडते ते सांगितलं, बेदाण्याचं सांगितलं. डॉक्टर सरळ माणूस होता. म्हणाला, औषध कमी करता येईल, पण आजार उलटायचा धोका आहे, तो तुम्ही घ्याल का? आणि उलटतोय हे घरच्यांना वेळेत कळेल का?

मी कपाटाचं दार धरून उभी होते. इतकी वर्षं या प्रश्नाला मीच उत्तर दिलं असतं.

अक्का म्हणाली, “घरच्यास्नी न्हाई कळत. मला कळतंय. भाकरीचा वास बदलतोय आदी. मग दोन-तीन दिसानं बाकीचं. वास बदलला की मी येते तुमच्याकडं, कुनाला इचारत बसत न्हाई.”

डॉक्टरनं ते केसपेपरवर लिहून घेतलं. त्याच्या पेनाचा आवाज मला ऐकू आला. मानसशास्त्राची पदवी घेतलेली मी कितीतरी वर्षं तिच्या शेजारी जेवले होते आणि भाकरीच्या वासाचं मला माहीत नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. ठरलं असं की इंजेक्शन हळूहळू कमी करायचं, कंपासाठी एक छोटी गोळी सुरू करायची आणि अक्कानं दर पंधरा दिवसांनी स्वतः येऊन सांगायचं. हिशेबानं चालायचं, घाई नाही.

पंधरा दिवसांत काही फरक पडला नाही. महिन्यानं बशी वाजायची थांबली. मी ते कुणाला बोलून दाखवलं नाही, अक्कानंही नाही. एका सकाळी मी थांब्यावर उभी होते तेव्हा शेडवरच्या बायकांची ट्रॅक्टर-ट्रॉली पुढून गेली. त्यात अक्का होती, डोक्याला फडकं बांधून. तिनं मला बघून हात वगैरे केला नाही. बायकांच्या बोलण्यात ती गुंग होती.

हेवा गेला का, असं मला पुढं एका कार्यशाळेत कुणीतरी विचारलं. नाही गेला. संशोधनाचा अहवाल छापून आला तेव्हा मागं सगळ्यांची नावं होती, बाराखडीच्या क्रमानं, डिग्रीवाली आणि गोळ्या खाणारी एकत्र. आडनाव एकच, त्यामुळं अक्काचं नाव माझ्या आधी आलं. मी ते पान आईला दाखवलं तेव्हा बोट माझ्या नावावर ठेवलं होतं. आई म्हणाली, आनि हे वरचं? मी सांगितलं, ते तिचं.

नव्या प्रश्नावलीतले चार प्रश्न अक्कानं केलेले आहेत. त्या वर्षी उरलेला हंगाम ती एक दिवसही न चुकवता बेदाण्यावर गेली. तेव्हापासून ती दवाखान्यात एकटी जाते आणि डॉक्टरांशी स्वतः बोलते.